थंड प्रदेशांतील घराचा पाया व त्यावरील सिमेंटचा लेप

आपल्याकडे घर बांधावयास काढलें म्हणजे शेतकरी पहिला प्रश्न विचारतो तो हा कीं, मुरूम किती खोलीवर लागला? मुरूम लागला कीं पाया बसला, आणि जोतें पावसाच्या पाण्याच्या वर हातभर उचललें कीं घराची काळजी मिटली, अशी आपली समजूत असते. व आपल्या हवेपुरती ती बहुतांशीं खरीहि आहे. परंतु जेथें वर्षांतून चार महिने जमीन दगडासारखी गोठून राहते, त्या देशांत पाया घालून काम संपत नाहीं. तेथील शेतकऱ्यास पायाला अंगरखाहि घालावा लागतो. आणि तो अंगरखा चुकीचा बेतला गेला, तर त्यापेक्षां उघडें अंग बरें होतें असें म्हणण्याची पाळी येते. असा एक प्रसंग मीं जवळून पाहिला. त्यांत जें शिकावयास मिळालें, तें शेतकरी बंधूंपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

कॅनडा देशांत जाऊन स्थायिक झालेलीं मराठी कुटुंबें आज पुष्कळ आहेत. बहुतेक टोरोंटो शहरांत व त्याच्या उपनगरांत राहतात. माझ्या भाच्यानें मात्र, शेतकऱ्याच्या घरीं जन्मल्यामुळें म्हणा, शहरापासून दीड तासाच्या वाटेवर ऑन्टॅरिओ प्रांतांतच एक जुनें शेतघर व भोंवतालची थोडी जमीन विकत घेतली. घर १८८० च्या सुमाराचें. मुख्य घराचा पाया शेतांतून वेंचून काढलेल्या दगडगोट्यांचा, चुन्यांत बांधलेला. आणि मागील बाजूस स्वयंपाकघराची जोड मागाहून झालेली, ती सिमेंटच्या पोकळ ठोकळ्यांच्या भिंतीवर उभी. एकाच घरांत दोन काळांचे दोन पाये असल्यामुळें, एकाच औषधाचा दोन प्रकृतींवर काय परिणाम होतो हें तेथें आयतेंच पाहावयास सांपडलें.

तेथें घर जमिनींत कां उतरतें?

थंड प्रदेशांत पायाची खोली मुरुमावर ठरत नाहीं, ती थंडीवर ठरते. हिंवाळ्यांत जमीन जितकी खोल गोठते त्याच्याखालीं पायाचा तळ गेला पाहिजे, हा तेथील पहिला नियम. टोरोंटोच्या आसपास ही खोली सुमारें चार फूट धरितात. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यांत दक्षिण भागास साडेतीन फूट व उत्तर भागास पांच फूट असा नियम आहे. कॅनडांतील मॅनिटोबाच्या सपाटीवर तर गोठलेला थर सहा फुटांच्याहि पुढें जाऊं शकतो.

एवढें खणावयाचेंच आहे, तर आणखी थोडें खणून माणूस उभा राहील असें तळघरच कां करूं नये, असा विचार तेथील लोकांनीं केला. आणि म्हणून त्या बाजूच्या बहुतेक शेतघरांस तळघर असतें. घर ऊबदार ठेवणारी भट्टी तेथें बसवितात; बटाटे, गाजरें, मुरंबे व लोणचीं यांची बेगमी तेथेंच ठेवितात. अर्थात् तळघराची भिंत हाच घराचा पाया होय. सात-आठ फूट उंचीच्या ह्या भिंतीचा मोठा भाग जमिनींत गाडलेला असतो, व वर दिसणारा पट्टा अर्ध्या फुटापासून दोन फुटांपर्यंत असतो. घराच्या वरच्या भिंती पुष्कळदां लांकडाच्या. लांकडास मातीची ओल लागूं नये म्हणून पायाची भिंत जमिनीच्या वर निदान सहा इंच तरी काढावी लागते. सिमेंटचा लेप द्यावयाचा तो ह्या भिंतीच्या बाहेरील अंगास.

पाणी गोठतें तेव्हां

पाण्याचें बर्फ होतांना तें सुमारें शेंकडा नऊ फुगतें. शंभर घागरी पाणी गोठलें तर त्यास एकशें नऊ घागरींची जागा लागते, असें म्हटलें म्हणजे हिशेब ध्यानांत येईल. निफाडकडील द्राक्षबागाईतदारांस कडाक्याच्या रात्रीं बागेंत शेकोट्या कां पेटवाव्या लागतात हें सांगावयास नको. मण्यास जें होतें तेंच दगडाविटेसहि होतें. अंतर एवढेंच कीं मणी एका रात्रींत तडकतो व भिंतीस कांहीं वर्षें लागतात.

येथें एक गोष्ट आमच्या लोकांच्या सहसा ध्यानांत येत नाहीं. केवळ कडक थंडीनें भिंत मोडत नाहीं. एकदां गोठलेली भिंत चार महिने गोठलेलीच राहिली तर तिचें नुकसान थोडें. परंतु दिवसा ऊन पडून बर्फ वितळावें, तें पाणी बारीक भेगेंत शिरावें, रात्रीं गोठून भेग रुंदावी व दुसऱ्या दिवशीं त्या रुंद भेगेंत अधिक पाणी शिरावें, असा क्रम चालला म्हणजे भिंतीचें पीठ होतें. म्हणून दक्षिण ऑन्टॅरिओसारख्या ओलसर व मध्यम थंडीच्या मुलखांत, कोरड्या कडक थंडीच्या मुलखापेक्षां, भिंतीची दुर्दशा पुष्कळदां अधिक होते.

जमिनीच्या आंतहि एक व्यापार चालतो. बारीक मातींत खालची ओल वर ओढली जाऊन गोठणाऱ्या थरापाशीं जमते, व तेथें बर्फाचे पापुद्रे वाढतात. ते वाढतां वाढतां वरची जमीन उचलतात. जमीन वर येते ती केवळ पाणी फुगल्यामुळें नव्हे, तर नवें पाणी ओढलें गेल्यामुळें, हें अमेरिकेंतील दक्षिण कॅरोलिना विद्यापीठाचे प्राध्यापक स्टीफन टेबर यांनीं १९३० च्या सुमारास दाखवून दिलें. गोठतांना आकुंचन पावणारा बेंझीनसारखा द्रव मातींत घालून त्यांनीं प्रयोग केला, तरीहि माती उचललीच. ह्याच क्रियेनें त्या प्रांतांतील शेतांत दरवर्षीं वसंतऋतूंत नवे दगड वर येतात, व शेतकऱ्यास पेरणीपूर्वीं ते वेंचावे लागतात. माझ्या भाच्याच्या घराचा पाया त्याच वेंचलेल्या दगडांचा. म्हणजे ज्या थंडीनें दगड दिले, तीच थंडी आतां ते परत मागत होती!

लेप म्हणजे काय, व काय नव्हे

पायाच्या भिंतीस बाहेरून सिमेंट व वाळूचा पातळ गिलावा करण्याच्या कामास तिकडे पार्जिंग म्हणतात. ज्या सिमेंटास आपण नेहमींचें सिमेंट म्हणतों, त्या पोर्टलंड सिमेंटाचें पेटंट इंग्लंडांत लीड्स येथील जोसेफ ॲस्पडिन यानें १८२४ सालीं घेतलें. त्यापूर्वीं अशीं कामें बहुतेक चुन्यांत होत.

लेपाचें काम दोन ठिकाणीं दोन प्रकारचें आहे. जमिनीच्या वर दिसणाऱ्या पट्ट्यावर तो भिंतीची कातडी म्हणून असतो. वितळणारें बर्फ, उडणारें पाणी, ऊन व धक्के तो स्वतः सोसतो, आणि झिजला तर मूळ भिंत न खणतां नवा करितां येतो. जमिनीच्या खालीं, विशेषतः पोकळ ठोकळ्यांच्या भिंतीवर, तो सांधे व छिद्रें बुजवून पृष्ठ सपाट करितो, म्हणजे त्यावर डांबराचा थर अखंड बसतो. ठोकळ्यांच्या अशा भिंतीस डांबर लावण्यापूर्वीं निदान ६ मिलिमीटर, म्हणजे पाव इंच जाडीचा गिलावा करावा असें कॅनडाच्या राष्ट्रीय इमारत-संहितेंत सांगितलें आहे. अमेरिकेंतील घरांच्या संहितेंत ही जाडी तीन-अष्टमांश इंच आहे. गुळगुळीत लेपाचा आणखी एक उपयोग असा कीं, गोठलेली माती खडबडीत भिंतीस घट्ट धरून तिला वर ओढूं पाहते, ती पकड गुळगुळीत पृष्ठावर कमी बसते.

नव्या घरांत पायाच्या बाहेरून ऊब राखणारे फेंसाचे तक्ते लावितात. ते उन्हानें झिजूं नयेत म्हणून त्यांवर जाळी ताणून सिमेंटचाच पातळ लेप देतात.

परंतु लेप हें धरण नव्हे. तो ओल थोपवितो. साठलेलें पाणी अडवीत नाहीं. तसेंच लेप हा भिंतीचा आधारहि नव्हे. बाहेरील मातीच्या किंवा बर्फाच्या दाबानें भिंत आंत झुकत असेल तर लेपानें ती सावरत नाहीं. उलट तिचें दुखणें झांकलें मात्र जातें.

भाच्याच्या घराची हकीकत

मी पोहोंचलों तेव्हां एप्रिल अखेर होती. बर्फ नुकतेंच गेलें होतें, आणि घराच्या उत्तरेकडील बाजूस सिमेंटचे पोपडे परातीएवढाले गळून पडले होते. त्या पोपड्यांच्या पाठीस दगडांमधील चुना चिकटून आला होता, आणि उघड्या पडलेल्या दरजांतून बोट घातलें तर ओली रेती हातांत येई.

भाच्यानें सांगितलें तें असें. घर घेतल्यावर तळघरांत ओल दिसली, भिंतीस लोणा लागलेला दिसला. एका ठेकेदारानें पाहून सांगितलें कीं, बाहेरून कडक सिमेंटचा जाड थर द्या, जन्माची काळजी जाईल. काम ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यांत दोन दिवसांत उरकलें. पैसे रोख गेले. डिसेंबरांत भिंत छान दिसत होती. फेब्रुवारींत पहिली भेग पडली, आणि मार्चांत पोपडे सुटूं लागले. "मामा," तो म्हणाला, "घर घेतांना जें थोडें शिलकींत राहिलें होतें, तें ह्या भिंतीला फांसून टाकलें, आणि भिंत पूर्वींपेक्षां वाईट झाली. आतां पुन्हां खर्च करावयाचा म्हणजे कोणावर भरंवसा ठेवावा?"

त्याची बायको त्याहून अधिक चिंतेंत होती. स्वयंपाकघराच्या जोडीच्या कोपऱ्यांतील लेप पडला होता, तेथें ठोकळ्यांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनीं वर चढत गेलेली एक भेग दिसत होती. ती भेग जुनी कीं नवी, थांबलेली कीं वाढती, हें कोणास ठाऊक नव्हतें. ती वाढती असेल तर तो कोपरा खणून पुन्हां बांधणें प्राप्त, आणि तेवढा पैसा घरांत नव्हता.

शेजारच्या एका वृद्ध शेतकऱ्यानें आपल्या ओळखीचा एक जुना दगडकाम करणारा गवंडी बोलाविला. त्यानें प्रथम भिंतीस ओळंबा लावून पाहिला. भिंत झुकलेली नव्हती. मग थापीच्या दांड्यानें उरलेला लेप ठोकीत तो घराभोंवतीं फिरला. जेथें पोकळ आवाज आला तेथें खडूनें खूण केली. खुणा निम्म्याहून अधिक भिंतीवर झाल्या. शेवटीं त्यानें कोपऱ्यांतील भेगेवर कांचेची एक पातळ पट्टी आडवी चिकटविली, तिच्याजवळ तारीख लिहिली, व सांगितलें कीं, सहा आठवडे कांहीं करूं नका. कांच फुटली तर मला बोलावूं नका, इंजिनियरास बोलवा.

भेग आडवी, भिंतीच्या मध्यउंचीवर पडली असती, तर आपण कांचहि लावली नसती, असें त्यानें पुढें सांगितलें. तशी भेग म्हणजे बाहेरील दाबानें भिंत आंत ढकलली जात असल्याची खूण असते, व तेथें एक दिवसहि दवडूं नये. उभी, केंसाएवढी भेग बहुधा सिमेंट वाळतांना आकसल्याची असते. पायऱ्यापायऱ्यांची भेग मात्र पाया खालीं बसल्याची किंवा वर उचलला गेल्याची खूण असूं शकते, म्हणून तिच्यावर पहारा ठेवावा लागतो.

रोगाचें निदान

ते सहा आठवडे वाट पाहण्यांत गेले, तरी रिकामे गेले नाहींत. लेप कां पडला ह्याचीं चार कारणें त्या गवंड्यानें एकेक करून दाखविलीं.

पहिलें कारण हंगाम. सिमेंट पाण्याशीं संयोग पावून घट्ट होतें, केवळ वाळून नव्हे. थंडीनें ही क्रिया मंदावते व गोठणबिंदूजवळ जवळजवळ थांबते. ताजा लेप पुरेसा घट्ट होण्यापूर्वींच त्यांतील पाणी गोठलें तर आंतून भुसभुशीत होतो. वरून मात्र तो कांहीं काळ बरा दिसतो. काँक्रीटच्या बाबतींत दर चौरस इंचास सुमारें ५०० पौंड इतकी ताकद येईपर्यंत गोठूं देऊं नये असें मानितात. म्हणून हवा ५ अंश सेल्सियसच्या वर असल्याशिवाय, व पुढील दोन दिवस तशी राहील अशी खात्री असल्याशिवाय, हें काम हातीं घेऊं नये. ऑक्टोबरच्या अखेरीस त्या भागांत रात्रीं दंव गोठतें.

दुसरें कारण पृष्ठ. भिंतीवरील जुना रंग, माती व लोणा न खरवडतां वरच थर थापला होता.

तिसरें कारण जाडी. एकाच वेळीं सव्वा इंच थर दिला होता. तो स्वतःच्या भारानें खालीं ओढला गेला, व वरून सुकून आंतून ओला राहिला. येथें मीहि आमच्या दक्षिणी शहाणपणानें म्हणालों होतों कीं, आतां दोन बोटें जाड थर द्या, म्हणजे टिकेल! गवंडी हंसला, आणि मला तो पडलेला पोपडा हातांत धरावयास दिला. त्याचें वजनच त्याचें उत्तर होतें.

चौथें कारण सर्वांत महत्त्वाचें, व तें दगडी भागापुरतें होतें. चुन्यांत बांधलेली दगडी भिंत श्वास घेते. जमिनींतून चढलेली ओल ती चुन्याच्या दरजांतून बाहेर टाकिते. कडक सिमेंटच्या थरानें ही वाट बंद झाली. ओल मागें कोंडली, थंडीनें तेथेंच गोठली, चुन्याची रेती केली व लेप ढकलून दिला. दगड ग्रॅनाइटसारखा कठीण, त्यास कांहीं झालें नाहीं. परंतु भिंतीस एकजीव ठेवणारा चुना गेला.

आधीं पाण्याचा बंदोबस्त

घराभोंवतीं फिरतांना ध्यानांत आलें कीं, स्वयंपाकघराच्या त्याच कोपऱ्यावर छपराची पन्हळ तुटून सगळें पाणी पायाच्या कडेस ओतलें जात होतें. शिवाय वर्षानुवर्षें फुलझाडांचे वाफे करून माती घराकडे उतरती झाली होती. म्हणजे ज्या पाण्यासाठीं लेप लाविला, तें पाणी घरचेंच होतें.

मे महिन्यांत भाच्यानें व मीं मिळून हें काम केलें. त्यास कोणा कारागिराची गरज लागली नाहीं. पन्हळ दुरुस्त केली, व तिची नळी वाढवून पाणी घरापासून सहा फुटांवर नेऊन सोडलें. वाफे काढून टाकिले. घराभोंवतीं माती भरून ती बाहेर उतरती केली. पहिल्या दहा फुटांत सहा इंच उतार असावा असा तिकडील नियम आहे. वरची माती चिकण घातली, म्हणजे पाणी मुरण्याऐवजीं वाहून जाईल. बांध घालतांना जें ज्ञान आपण वापरतों तेंच येथें उलट बाजूनें वापरावयाचें: शेतांत पाणी अडवावयाचें, घराशीं तें घालवावयाचें.

तीन आठवड्यांत तळघरांतील ओल डोळ्यांस दिसेल इतकी कमी झाली, आणि अद्याप लेपाचें एक घमेलेंहि कालविलें नव्हतें! ठेकेदारानें पन्हळीकडे एकदां मान वर करून पाहिलें असतें, तर पुढचें पुष्कळ टळलें असतें.

ठोकळ्यांच्या भिंतीवरील काम

जूनच्या दुसऱ्या आठवड्यांत सहा आठवडे पुरे झाले. त्या दिवशीं सकाळीं आम्ही तिघेंहि कोपऱ्यापाशीं गेलों. कांच शाबूत होती. भाचेसुनेनें ती दोनदां पुसून पाहिली. मग गवंड्यास निरोप गेला.

ठोकळ्यांच्या भिंतीचें काम त्यानें पुढील क्रमानें केलें.

सैल लेप छिन्नीनें काढून, तारेच्या कुंच्यानें भिंत घांसून धुतली. कोपऱ्यांतील भेग किंचित् रुंद करून तींत मसाला ठासून भरला. मसाला एक भाग सिमेंट, अर्धा भाग चुना व साडेचार भाग वाळू, असा मापानें घेतला. चुन्यामुळें मसाला लोण्यासारखा पसरतो व कमी तडकतो. वाळू स्वच्छ व करकरीत असावी. मूठभर चोळल्यावर तळहातास माती लागली तर ती धुवून घ्यावी. थंड प्रदेशांत मसाल्यांत अतिसूक्ष्म हवेचे बुडबुडे धरून ठेवणारें एक द्रव्य घालितात. गोठणाऱ्या पाण्यास त्या बुडबुड्यांत जागा मिळते व लेप फुटत नाहीं. हा शोध अमेरिकेंत १९३० नंतरच्या दशकांत सडकांच्या काँक्रीटच्या निमित्तानें लागला.

भिंत ओली केली, पण तिच्यावर पाणी तरंगूं दिलें नाहीं. कोरडी भिंत मसाल्यांतील पाणी शोषून घेते व सिमेंटची उपासमार करिते. निथळती भिंत मसाल्यास धरीतच नाहीं. ओतीव काँक्रीटच्या गुळगुळीत भिंतीवर आधीं चिकटविणारें द्रव्य लावावें लागतें. ठोकळे खडबडीत असल्यामुळें त्याची जरूर पडली नाहीं. नव्या काँक्रीटवर लेप द्यावयाचा असेल, तर तें २८ दिवस जुनें होऊं द्यावें.

पहिला थर पाव इंचाचा, थापीनें जोरानें दाबून दिला. घट्ट होऊं लागतांच त्यावर फणीनें आडव्या रेघा ओढल्या. तो रात्रभर ओला राखून दुसऱ्या दिवशीं दुसरा पाव इंच थर दिला, व लांकडी गुरमाळ्यानें सारखा केला. लेपाचा वरचा कांठ बाहेर उतरता ठेविला, म्हणजे त्यावर पाणी थांबत नाहीं. काम नेहमीं सांवलीच्या बाजूनें, उन्हाच्या मागोमाग चाललें. शेवटीं ओलीं गोणपाटें लटकावून तीन दिवस लेप ओला राखला. ही शेवटची पाळत भाचेसुनेनें केली, व गवंड्याच्या मतें निम्मी ताकद तींतच आहे.

दगडी भिंतीवरील काम

दगडी भागास सिमेंट लाविलेंच नाहीं. जुना थर काढून, कुजलेल्या दरजा दीड-दोन इंच खोल कोरून, त्यांत पाण्यांत घट्ट होणारा चुना व वाळू, एकास अडीच, अशा मसाल्यानें दरजा भरल्या. व वर त्याच चुन्याचा पातळ हात दिला. हें काम जूनांतच होणें आवश्यक होतें. चुना सावकाश पकतो, आणि पहिल्या थंडीपूर्वीं त्यास कांहीं महिने मिळावे लागतात.

ह्यामागील सूत्र सर्वत्र लागू पडणारें आहे: लेप हा भिंतीपेक्षां मऊ व अधिक श्वास घेणारा असावा. दोहोंपैकीं एकानें झिजावयाचें असेल, तर तें लेपानें झिजावें. लेप दहा-वीस वर्षांनीं पुन्हां देतां येतो. भिंत पुन्हां बांधणें सर्वांस परवडत नाहीं.

हिंवाळ्यानंतर

मी परत आलों, आणि मधला हिंवाळा येथेंच गेला. पुढील एप्रिलांत भाच्याचा दूरध्वनि आला, व मागाहून त्यानें छायाचित्रें पाठविलीं. ठोकळ्यांच्या भिंतीवरील लेप सगळा शाबूत. कोपऱ्यांतील भेगेच्या जागीं केंसाएवढी एक रेघ, ती त्यानें तारीख लिहून ठेविली आहे. दगडी भिंतीवरील चुना एके ठिकाणीं, दारापुढील पायऱ्यांच्या कडेस, हातभर लांबींत खपल्या धरून गेला. त्या ठिकाणीं पायऱ्यांवरील बर्फ वितळविण्यास हिंवाळाभर मीठ टाकिलें जात होतें. मिठाचें पाणी भिंतीस उडून चुना व सिमेंट दोन्ही खातें. पुढील हिंवाळ्यापासून पायऱ्यांवर मिठाऐवजीं वाळू टाकावयाची, असें दोघांनीं ठरविलें. तळघर कोरडें आहे, व गेल्या वर्षींचे बटाटे मार्चपर्यंत टिकले, हेंहि त्यानें मुद्दाम सांगितलें.

आपण काय घ्यावें?

आपल्याकडे जमीन गोठत नाहीं, मग ह्या हकीकतीचा आपणांस काय उपयोग, असें कोणी म्हणेल. दोन गोष्टींपुरता तरी आहे.

पहिली गोष्ट मातीची. मॅनिटोबांतील विनिपेग शहराभोंवतीं जी चिकण माती आहे, ती आपल्या काळ्या मातीसारखीच ओली झाली कीं फुगते व वाळली कीं आकसते. तेथें घरांचे पाये थंडीइतकेच ह्या मातीनेंहि तडकतात. काळ्या रानांत घर असणाऱ्यांनीं पायाजवळ पाणी मुरूं न देण्याचा जो नियम तेथें पाळितात, तो जसाच्या तसा पाळावा. वळचणीचें पाणी कोठें पडतें तें पहिल्या पावसांत छत्री घेऊन स्वतः पाहावें.

दुसरी गोष्ट जुन्या वाड्यांची. आपले पुष्कळ वाडे दगड, चुना व पांढऱ्या मातीचे आहेत. ओल दिसली कीं त्यांवर सिमेंटचा गिलावा मारण्याची रीत सर्वत्र पडली आहे. थंडी नसल्यामुळें आपल्याकडे पोपडे एका हिंवाळ्यांत पडत नाहींत, एवढेंच. परंतु ओल कोंडते ती कोंडतेच. ती वर चढत जाते, हातभर उंचीवरचा लोणा पुरुषभर उंचीवर जातो, व आंतील माती आणि चुना कुजतो. अशा भिंतीस चुन्याचाच हात द्यावा, व आधीं पन्हळ, मोरी व अंगणाचा उतार पाहावा.

भिंत ओली दिसली म्हणजे हात आपोआप थापीकडे जातो. त्याआधीं एकदां फावडें हातीं घ्यावें, व पाणी कोठून येतें तें शोधावें. माझ्या भाच्यास हें कळण्यास एक हिंवाळा व गांठचे पैसे खर्ची घालावे लागले. वाचकांस तें ह्या चार पानांत मिळावें, एवढ्याचसाठीं हा लेख लिहिला आहे.